काळ्या बिअरच्या बारा बाटल्या

परंड्याच्या वेशीपाशी एकाच साहेबांचे दोन खानसामे मोटारीची वाट पाहत बसले होते. विलायतेस परतताना साहेबांनी काळ्या बिअरच्या बारा बाटल्या धाकट्या बब्रुवानाच्या हाती सोपवल्या, हे कळताच थोरल्या बलभीमाच्या तोंडचा विडा कडू झाला.

"दादा, दोन वर्सं मुरवायच्या म्हनं. कुठं ठिवू?"

"पत्र्याखाली. उन्हानं लई झ्याक मुरत्यात."

"ज्वारीच्या पेवात नको?"

"सायबाच्या बाटल्या धा वर्सं कोन मुरवत हुतं?"

"तुमीच. सायेबबी म्हनले, बलभीमाला इचार, आन त्यातल्या सहा त्याला दे."

"सहा? मला?"

"व्हय. आजच पत्र्याखाली मांडतो."

"आरं थांब! पेवातच ठिव. गार अंधारात, उभ्या."

"समद्या?"

बलभीमाने तोंडातला विडा थुंकून टाकला.

"माज्या सहा."