शिट्टीच्या उसाची यशोगाथा

...न्हाई, पन मी म्हनतो, ऊस कवा शिट्टी वाजवतो का? तुम्ही सांगा, तुम्ही चार बुकं शिकलेली मान्सं. त्याला ना तोंड, ना ओठ, बिबट्या आला म्हनून तो शिट्टी वाजवंल कशानं? पन सकाळपासनं ह्यो माझा फोन... 'नमस्कार, शिट्टीच्या उसाचं बेनं कसं दिलं?' मी म्हनतो, मामा, कथा हाय हो ती. तर म्हनत्यात, 'व्हय, वाचूनच फोन लावलाय.'

तुम्हाला सांगतो, मी मच्छिंद्र, वडगाव रासाईचा. शिक्रापूरला कंपनीत कामाला, घरचा थोडा साधा ऊस हाय, आन् शिफ्ट सुटली की विज्ञानकथा लिवतो, पुढं शंभर वर्सांनी काय व्हईल त्याच्या. पुण्याच्या मासिकांना धाडल्या. एकानं कळवलं, 'कथेत विज्ञान कमी आणि शेण फार आहे.' दुसऱ्याची तर पोच सुदिक न्हाई. मला जास्त काय नको व्हतं हो... कुठंतरी पानाच्या वर 'कथा' छापावं, खाली माझं नाव, आन् ते आमच्या मोनालीला दाखवावं. मोनाली म्हंजी आमची मंडळी. ती म्हनती, 'लेखक म्हनवता, मग कोन छापत कसं न्हाई?'

शेवटी दौंडच्या 'हिरवा बांध' साप्ताहिकाला धाडली. शेतीचं साप्ताहिक, पन म्हनलं, घेतलं तर घेतलं. गोष्ट अशी, की गावात बिबटे माजल्यात, आन् एक शेतकरी उसाचा असा नवा वान काढतो की बिबट्या फडात शिरला की पानं शिट्टी वाजवत्यात. पुढं तो ऊस मान्सांनाबी वाजवायला लागतो, ज्याच्या मनात काळं त्याला. मग आख्खं गाव बांधावर हुबं, आत पाऊल टाकायची एकाची छाती न्हाई... लिवताना मीच घाबरलो व्हतो!

अंक आला. उघडला. वर मथळा, 'यशोगाथा'. मी 'माझ्या दोन एकरात' करून लिवलं व्हतं ना, तर संपादक सत्यजीतसाहेबांना वाटलं, तो शेतकरी मीच. शेवट जागंपायी कापला, आन् त्या जागी, यशोगाथेखाली छापत्यात तसा, माझा मोबाईल नंबर. फोटो? व्हाट्सअपवरचा, मेव्हन्याच्या लग्नातला, फेटा बांधलेला.

रविवारी भांडगावातनं टेम्पो भरून मान्सं आली, फड बघायला. त्यातला एकजन चक्क हातापायांवर रांगत आत शिरला, वाजतंय का बघायला. मी पायरीवर बसून म्हनतोय, कथा हाय हो ती, कथा हाय हो ती... तर त्यांच्यातला म्हातारा दुसऱ्याला काय म्हनावा? 'खऱ्या बिबट्यालाच वाजत आसंल. हुशार वान हाय.'

बरं, हे परकं. आमचे चुलते, हौशीराम आबा, ते तर घरचं मानूस का न्हाई? त्यांची नात ज्ञानेश्वरी उसाच्या वाटंनं शाळंला जाती, आन् बिबट्याच्या भ्यानं आबा काठी घेऊन तिच्या मागं. आबा आले, चहाला हात लावला न्हाई. 'मच्छिंद्रा, समद्या तालुक्याला दाखवतुस, आन् भावकीला एक कांडी न्हाई? पोरीच्या वाटंपुरती सरी लावतो.' पाया पडून सांगितलं, आबा, कथा हाय हो ती. आबा उठले. 'द्यायचं न्हाई तर न्हाई म्हन. खोटं कशाला बोलतुस?'

खोटं? मी? तवापासनं आबा बोलत न्हाईत माझ्याशी. हसू नका, लई लागलंय मला ते. तसा ऊस खरंच असता, तर पयली कांडी त्या पोरीच्या वाटंला लावली असती मी.

मग बसलो आन् सत्यजीतसाहेबांना खुलासा धाडला. पदरचं एक अक्षर न्हाई. ऊस वाजत न्हाई, भांडगावचा मानूस रांगला, आबा चहा न पिता गेले, समदं जसंच्या तसं, छापा आन् मला सोडवा. दुसऱ्या दिवशी फोन. 'मच्छिंद्रराव, काय कल्पनाशक्ती हो तुमची! तो रांगणारा माणूस... हसून हसून पोट दुखलं. दिवाळी अंकात घेतोय, कथा म्हणून.' मी म्हनलं, साहेब, खरं हाय हो ते. तर म्हनत्यात, 'तेच म्हणतोय मी, अगदी खरं वाटतं.'

आला अंक. वर 'कथा', खाली माझं नाव. जल्मात पयल्यांदा. मोनालीपुढं धरला. तिनं वाचली, पार शेवटपातूर, अंक मिटला, आन् म्हनली, 'कथा बरी हाय. पन आबांना एक कांडी द्यायला तुमचं काय जातं?'

मग कांडी दिली. साधीच, फडातली. आबांनी ती पोरीच्या वाटंला लावली, चहाबी प्यायले. आन् आता रोज सकाळी पोरगी शाळंला निघाली, की बांधाआड कोन बसलेलं असतंय, तोंडात शिट्टी धरून? मीच. लेखक हाय ना.