वरचे बावन्न

…ब्याऐंशी! नाही, तुम्हीच सांगा, ब्याऐंशी हा काय मोटारसायकलचा वेग झाला? आणि तोही आमच्या ह्यांचा? अहो, मला मागे घेतलं की ह्यांचा काटा तिसाच्या पुढे सरकत नाही! तीस! सायकलवरचे आजोबा घंटी वाजवून आम्हाला बाजूला करतात. मी म्हणते, "अहो, जरा दामटा की!" तर म्हणतात, "तू आहेस, पोरगी आहे, जपून जायला हवं." मला आपलं वाटायचं, केवढा जीव आहे माझ्यावर… वाटायचं हं! गेल्या आठवड्यापर्यंत!

झालं काय, पोरीला भरवत होते. अडीच वर्षांची पोर, फोनवर गाणं लावल्याशिवाय तोंड उघडेल तर शपथ, म्हणून ह्यांचा फोन डब्याला टेकवून उभा केलेला. तेवढ्यात टुंग! गाण्यातला ससा गेला आणि आली पोलिसांची चिठ्ठी. वेग ब्याऐंशी, दंड अमुक, शिवाय रविवारी वाहतूक चौकीत दोन तास वर्गाला बसा. खाली फोटो. पाठमोरा. ह्यांची पाठ, ह्यांचं कोपरावर विटलेलं जाकीट… आणि त्या पाठीमागे दुसरी पाठ. बाईची!

तुम्हाला सांगते, हातातला घास पोरीच्या कानात गेला.

दोन बोटांनी फोटो मोठा केला. अजून मोठा केला. वेणी! हेल्मेटखालून निघालेली, माझ्या मनगटाएवढी जाड! बाळंतपणात माझे केस असे गळले की रबर तीनदा गुंडाळलं तरी घसरतं, आणि हिची वेणी वाऱ्यावर आडवी! आडवी का? कारण ब्याऐंशी! आणि हात कुठे? ह्यांच्या खांद्यावर! अहो, मी दोन वर्षांत त्या खांद्याला हात लावलेला नाही. एक हात पोरीच्या पोटाशी, दुसरा मागच्या कडीला. तिसरा कुठून आणू?

सातवीपर्यंतच शिकलेय मी, पण वजाबाकी येते. ब्याऐंशीतून माझे तीस गेले, राहिले बावन्न. हे वरचे बावन्न कुणाचे?

सासूबाईंना दाखवला. त्यांनी चष्मा पुसला, लावला, लांब धरला, जवळ धरला आणि म्हणतात कशा, "अगं बाई, किती ताठ बसलाय गं माझा मुलगा! तुझ्याबरोबर असला की नुसता पोक काढतो." झाली मदत!

संध्याकाळी ह्यांना धरलं. "अहो, मागे कोण?"

"अगं, तूच—"

"मी? ही वेणी माझी? डोळे फुटले का?"

"तसं नाही गं, तूच तर—"

"माझ्यावर ढकलू नका!" आणि पातेलं आपटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा "अगं, तूच", मी पुन्हा पातेलं. तिसऱ्या दिवशी पातेल्याचा कान निघाला आणि हे गप्पच झाले. गप्प बसलेला नवरा किती गुन्हेगार दिसतो, बघितलंय कधी? मी रात्रभर छताकडे बघत… पोरीला घेऊन कुठे जाऊ, माहेरी काय सांगू, आणि मधूनच… बावन्न कुणाचे?

रविवारी पोरीला सासूबाईंकडे दिलं आणि गेले ह्यांच्याबरोबर. म्हटलं, ती बाईही आली असेल, समोरासमोर होऊन जाऊ दे! जाताना वेग? अठ्ठावीस.

चौकीत बाकांवर वीस-बावीस पुरुष, मान खाली घालून, गृहपाठ न केल्यासारखे. साहेबांनी भिंतीवर फोटो लावायला सुरुवात केली. तिसराच आमचा! भिंतीभर वेणी! साहेब छडीनं दाखवतात, "हे बघा, वेग ब्याऐंशी, मागे बाई, आणि बाईच्या कडेला हा डबा! पडला असता तर?"

मला राहवेना हो. उभी राहिले. "साहेब, डब्याचं राहू द्या, आधी बाई कोण ते विचारा!"

सगळा वर्ग वळला. साहेब म्हणाले, "सांगा हो."

हे हळूच म्हणाले, "सिस्टर."

काय हसले सगळे! मागचा एक म्हणतो, "पकडल्यावर सगळ्या सिस्टरच असतात!"

"अहो, दवाखान्यातली सिस्टर!" हे पहिल्यांदा ओरडले. "डॉक्टर बाहेर गेलेले, म्हणून सिस्टरला घेऊन निघालो. पोरीनं नाकात वाटाणा घातला होता!"

साहेबांनी कागद बघितला. "तीन आठवड्यांपूर्वी, मंगळवार, सकाळी अकरा वाजून सात मिनिटं. घरून फोन कुणी केला होता?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मग साहेबांनी. मग वीस-बावीस पुरुषांनी.

आठवलं… सगळं आठवलं! ती पोर निळी पडतेय की काय असं मला वाटलेलं, आणि मी फोनवर किंचाळलेले, "असाल तसे उडत या!" सिस्टरनं तो डबा उघडून चिमट्यानं वाटाणा काढला, मी तिला चहा पाजला, वर म्हटलं, "किती पटकन आलात हो!" आता तुम्हीच सांगा, तेव्हा मी पोरीचं नाक बघणार की तिची वेणी?

साहेब म्हणाले, "बाई, फोनवर 'उडत या' म्हणायचं नसतं, 'सावकाश या' म्हणायचं. बसा, दोन तास तुम्हीही ऐका."

बसले. काय करते?

येताना पोर मांडीवर नव्हती. मी हळूच ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला, म्हटलं, "अहो, रस्ता मोकळाय… आज तरी जरा पन्नास?"

"साहेबांनी काय सांगितलं?" म्हणाले, आणि काटा पंचविसावर. ते सायकलवाले आजोबा आलेच मागून, घंटी वाजवत.

तर हिशेब लागला एकदाचा. वरचे बावन्न माझेच होते हो, सगळेच्या सगळे माझे… पण त्यांवर बसून गेली ती सिस्टर!