जपानी बेटावरची तीट

दृष्टबिष्ट मी मानत नाही, हे आधीच सांगून ठेवते. म्हणजे पुढचं ऐकून तुम्हांला मनसोक्त हसता येईल. यांना जपानात कोबेला कापसाच्या पेढीत नोकरी लागली, म्हणून तान्ह्या शरूला घेऊन आम्ही नाशकाहून निघालो. वाटेत वादळामुळे आगबोट एका लहानशा जपानी बेटाच्या आडोशाला थांबली. शरू धड दूध पीत नव्हती, माझ्या जिवाला घोर लागलेला. जमिनीवर तिला बरं वाटेल, म्हणून आम्ही किनाऱ्यावर उतरलो.

तिथे दारात मासे वाळत घालणाऱ्या एका आजीबाईंनी शरूला कौतुकानं जवळ घेतलं आणि तिच्या गालावरची काजळाची तीट ओल्या फडक्यानं स्वच्छ पुसून टाकली. त्यांना तो आगबोटीच्या कोळशाचा डाग वाटला असणार. माझे डोळेच भरून आले.

हे म्हणाले, "अगं, मॅट्रिक झालीस ना तू?"

"मॅट्रिकला हा प्रश्न नव्हता," मी म्हटलं.

आजीबाई गोंधळल्या. त्यांची भाषा मला येत नव्हती, म्हणून मी शरूवरून हात ओवाळून माझ्या कानशिलांवर बोटं कडाकडा मोडली. त्यांच्याकडेही अशी काही रीत असावी; त्या लगेच आत गेल्या आणि भाताच्या भांड्याच्या बुडाची काजळी बोटावर घेऊन आल्या. शरूच्या कपाळावर त्यांनी ठसठशीत तीट लावली. मग माझ्याकडे निरखून पाहिलं आणि तेच बोट माझ्याही गालाला टेकवलं.

परतताना हे म्हणाले, "ते गालावरचं पूस आता, लोक बघताहेत."

"बघू द्या," मी म्हटलं. "शरूची काळजी करायला मी आहे. माझी करणारं आज कुणी भेटलं."