शंभर मागितले, शून्य मिळाले

आमच्या नांदेडच्या कॉलेजातले विभागप्रमुख जाधव सर लई मोठ्या मनाचे, त्यांना कुठलाच आकडा पुरत नाही. ऑनलाइन परीक्षेसाठी नवा सर्व्हर आला. त्याला नेटवर्क कार्ड एकच, पण ते चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, म्हणजे ड्रायव्हरमध्ये, आकडा टाकला की त्याची तेवढी आभासी कार्डं होतात. प्रत्येक पोराच्या पेपराला त्यातलं एक लागणार होतं. पोरं होती पन्नास.

सर्व्हर सांभाळणारा फेरोज आदल्या संध्याकाळी म्हणाला, "सर, हे कार्ड त्रेसष्टच्या वर जात न्हाई."

"शंभर टाक. एवढं महागाचं कार्ड हाय, ओढंल."

फेरोजनं शंभर टाकले. सकाळी मुखेडहून पहिल्या एसटीनं आलेली पोरंसुद्धा वेळेवर येऊन बसली, पण एकाच्याही पडद्यावर पेपर येईना. पोरं रडकुंडीला आली, सर घामाघूम झाले.

फेरोजनं सर्व्हरच्या नोंदींचा लॉग उघडून वाचलं, "आकडा मर्यादेबाहेर आहे, म्हणून शून्य धरत आहे."

"शून्य? अरे, शंभर झेपत न्हाईत तर त्रेसष्ट तरी द्यायचे ना त्यानं!"

"तो ड्रायव्हर हाय सर, तुमच्या मनातलं वळखायला शिपाई न्हाई."

फेरोजनं त्रेसष्ट टाकून सर्व्हर पुन्हा चालू केला, तसा पेपर सुरू झाला. तेवढ्यात प्राचार्य धावत आले. "जाधव, काय झालं होतं?"

सरांनी रुमालानं कपाळ पुसलं.

"काही न्हाई सर. ह्या फेरोजला सांगून सांगून थकलो, एवढे मोठे आकडे टाकत जाऊ नको म्हणून."