नोट्समधलं ईव्हीपी

रामदासपेठेतल्या दातांच्या दवाखान्यात यमुताई एक्स-रेचा लिफाफा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. शेजारी एकाच कंपनीची ओळखपत्रं गळ्यात घातलेले दोघे बोलत होते.

“अंकुश, मजकूर कुलूपबंद करायची आपली कोडची लायब्ररी आहे ना, तिच्यात जागोजागी ईव्हीपी असते. त्याचा अर्थ काय गा?”

“एन्क्रिप्शन व्हेरिफिकेशन प्रोसेस. नोट्समध्ये आहे ना, मोनाली.”

“नोट्समध्ये कोणं लिहिलं?”

“मीच. नवीन पोरं विचारून राहिले होते. मले माहीत नव्हतं, देल्लं जुळवून.”

“कालच्या इंटरव्ह्यूत भैरवी नावाच्या पोरीनं एन्व्हलप सांगितलं. म्हणजे लिफाफा. मी तुह्या नोट्स पाहून चूक धरलं. एका मार्कानं गेली पोरगी.”

“मग?”

“आज शोधलं. तिचंच बरोबर आहे.”

“आता काहून उकरून राहिली वं? कोणाले माहीत आहे?”

“तिले माहीत आहे.”

अंकुशनं मोबाइल काढून चाळायला घेतला.

“साहेबाले फोन लाव.”

“मी?”

“नोट्स कोणाच्या?”

तेवढ्यात नर्सनं यमुताईंचं नाव पुकारलं.

“दुसऱ्याले घे वं बाई आधी,” त्या म्हणाल्या. “मी बसते अजून.”