चूलबंद आवतन

शंभू : आई, उद्याची पंगत झ्याक झाली. नऊशे माणूस जेवलं. एक बी उपाशी उठलं न्हाय.

मथुराबाई : पंगत उद्या हाय.

शंभू : व्हय, उद्याचीच म्हणायलोय.

मथुराबाई : मग झाली कवा?

शंभू : बरं, ऱ्हाऊ दे. मी काय बोललोच न्हाय. तू डाळ निवडायलीस का? निवड, निवड. जरा जास्तच निवड.

मथुराबाई : शंभ्या, नऊशे कुठनं आले? गावात घरं एकशे ऐंशी. घरटी एक माणूस सांग म्हणून तुला देवळातल्या भोंग्यावर धाडला. एकशे ऐंशी माणसाचा शिधा भरलाय म्या, भिशी उचलून.

शंभू : मी बी तेच सांगणार हुतो. माइक घेतला, म्हणलं, "मथुराबाईंची लेक, माझी बहीण वैष्णवी, एसटीची डायवर झाली. परवा सकाळी ट्रेनिंगला चालली. त्यानिमित्त उद्या दुपारी..." इथपर्यंत एक चूक न्हाय. तेवढ्यात पारावरनं रेवणसिद्ध अण्णा म्हणले, "घरटी एकच सांग बाबा. जास्त झेपायचं न्हाय तुमाला."

मथुराबाई : मग?

शंभू : मग माइकमधनं चूलबंद आवतन बाहेर पडलं.

मथुराबाई : चूलबंद.

शंभू : तोंड माझं हुतं, एवढं मान्य करतो.

मथुराबाई : चूलबंद म्हंजे काय, ठाव हाय का? त्या दिशी कुणाच्या घरात चूल पेटत न्हाय. म्हातारी, तान्हं, माहेराला आल्याली लेक, तिला न्यायला आल्याला जावई, समदे उठून आपल्या दारात.

शंभू : ठाव हाय की. म्हणून तर तीनदा सांगितलं. भोंगा जरा खरखरत हुता.

मथुराबाई : ऊठ. परत जा. चुकलं म्हणून सांग.

शंभू : दिल्यालं आवतन कुणी माघारी घेतलंय का आजवर? त्यापरीस आपण चौघं गाव सोडू, खर्च कमी हाय.

मथुराबाई : आपण तिघंच हाव.

शंभू : म्हैस धरून.

मथुराबाई : शंभ्या, रेवणसिद्ध भावजींच्या लग्नात भात संपला हुता. बत्तीस वर्सं झाली. ते आजोबा झाले. त्यांच्या नातवाला शाळेत काय म्हणत्यात?

शंभू : भातसंपले. नव्या मास्तरनं तर आडनाव समजून हजेरीत लिवलं हुतं.

मथुराबाई : मग उद्या आपली डाळ संपली तर? पोरगी पुढं कवातरी एसटी घिऊन गावात शिरंल, आन पारावरची माणसं म्हणतील, सरका रं, डाळसंपल्यांची गाडी आली. तिनं दोन वर्सं पहाटं उठून गाडी शिकली ती ह्यासाठी का?

शंभू : म्हणून मी माणूस आणलाय. मुनवरचाचा, या आत. लाटणं लांब हाय तिच्यापासनं.

मुनवर : सलाम, भाबी. अर्धा तास झाला बाहीर उभाय. ह्यो म्हणला, आवाज चढला तर तुम्ही गाडीला किक मारा, न्हाय चढला तर आत या.

मथुराबाई : मुनवरभाई, चाळीस वर्सं झाली, गावातलं एक लगीन तुमच्या देगीबिगर लागलं न्हाय. तुम्हीच सांगा. सामान एकशे ऐंशीचं, माणूस नऊशे.

मुनवर : घाबरायचं कायकू? आधी सामान बोला.

मथुराबाई : डाळ पंधरा किलो. ढोकीकडनं आणल्याल्या गुळाच्या दोन ढेपा. गहू हाय घरचा. तेलाचा एक डबा. बटाटा, आन पुरीचं पीठ.

शंभू : आन पनीर. मी पनीर बोललो हुतो.

मुनवर : पनीरचं नाव घेतलं तर मी चाललो. भाबी, पुरी बी काढा डोक्यातनं. पुरी म्हंजे तेलाची विहीर, आन लाटायला आख्खा तालुका. गव्हाची खीर करू, गुळातली. गहू रातभर भिजला की एकाचे चार होतात, कुणाला न सांगता. आन आमटी करू येसराची. येसर हाय का?

मथुराबाई : दोन डबे. माझ्या हातचं. धान्य भाजून, मसाला घालून दळल्यालं, एक खडा न्हाय त्यात.

मुनवर : बस. मग डाळीची फिकीर सोडा. माणसं वाढली, पाणी टाकायचं. पातळ झाली, येसर टाकायचं. लई दाट झाली, परत पाणी. ही आमटी संपत न्हाय, भाबी. आचारी थकतो.

मथुराबाई : आन आमटीत चुरायला काय? भाकर लागंल न्हवं. नऊशे माणसाला दीड हजार तर धरा. कोण थापणार? गावातल्या समद्या बायांच्या चुली तर ह्या दिवट्यानं बंद केल्या.

मुनवर : तिथं आपली विद्या संपली.

शंभू : माझ्याकडं तीन उपाय हायेत.

मथुराबाई : बोल. आता काय ऱ्हायलंय ऐकायचं.

शंभू : पहिला. पंगतीआधी महांतप्पा गुरुजींचं भाषण ठेवू, दोन तासाचं. निम्मे उठून जातील.

मथुराबाई : घरची चूल बंद. जातील कुठं?

मुनवर : आन गुरुजींच्या भाषणानं भूक वाढती. त्यांच्या निरोपसमारंभाला मी सव्वापट शिजवलं हुतं, तरी भांडी खरवडली लोकांनी.

शंभू : दुसरा. समोरच्या भिताडाला मोठा आरसा लावू. पानातलं डबल दिसंल.

मुनवर : जेवणारे बी डबल दिसतील.

शंभू : तिसरा सांगत न्हाय.

मथुराबाई : सांग.

शंभू : त्यात तू मामाकडं कळंबला गेल्याली असतीस, आन मी सापडत न्हाय.

मथुराबाई : पोरगी बिचारी धाराशिवला गेलीय, खाकी कापडाचं माप द्यायला. तिला ह्यातलं अक्षर ठाव न्हाय. म्या मनात धरलं हुतं, परवा जाताना शिदोरीला पन्नास कडक भाकरी बांधीन. महिनाभर काय हुत न्हाय त्यांना. आता त्या पन्नास तिला द्यायच्या का पंगतीत वाढायच्या, सांगा.

शंभू : आई, थांब. अशा कडक भाकरी घरोघर असतात का?

मथुराबाई : असतात म्हंजे? नवी ज्वारी आली की समद्याच बाया करून, वाळवून ठेवत्यात. थप्पी लागल्याली असती घरोघर.

शंभू : मग उद्या त्यांना चूल पेटवायचं काम न्हाय.

मथुराबाई : न्हाय. केल्याली भाकर ती. पण शंभ्या, तुझ्या मनातलं मनातच ठेव. चूलबंद बोलवायचं, आन भाकर तुमची तुम्ही आणा म्हणायचं? त्यापरीस डाळसंपले बरं.

शंभू : पंगतीला मागतंय कोण? शिदोरीला मागायची. गावातली पहिली पोरगी एसटी चालवायला चालली. ज्या बाईला तिला शिदोरी द्यावी वाटती, तिनं कडक भाकर आणावी. आणली की ती भाकर वैष्णवीची. आन वैष्णवीनं आपली भाकर कुणाच्या पानात वाढायची, ही वैष्णवीची मर्जी.

मुनवर : भाबी, ह्याला वकील करायचं हुतं.

मथुराबाई : बारावीला तीनदा बसलाय.

मुनवर : तेच म्हणतो. तारखा पडायची सवय हाय.

मथुराबाई : ही फसवणूक न्हाय का, मुनवरभाई?

मुनवर : सप्त्याला काय असतं? भाकर घरोघरची, आमटी एका देगीची. आजवर कुणी रुसलंय? मागायची रीत असावी, बस. आन आणखी सांगू का? ताजी भाकर गडी चार खातो. कडक भाकर आमटी पिती, पिऊन फुगती. दोनमधी गडी गार.

मथुराबाई : पोरीला इचारायला पायजे. भाकर तिची हाय.

शंभू : केला फोन आत्ताच, तुम्ही फसवणुकीचं बोलत हुता तवा. म्हणली, "दादा, गाव जेवू घाल, पण दोन मला ठिव." आन मग तुला अर्धा मिनिट शिव्या दिल्या. म्हंजे मला. मी तुझ्यापर्यंत पोचवतो म्हणलं.

मथुराबाई : बरं. पण भोंग्यावर ह्यो जायचा न्हाय.

शंभू : का?

मथुराबाई : शिदोरी मागायला जाशील आन शेजारच्या दोन गावांना आवतन देऊन येशील. पदर कुठाय माझा? म्याच जाती.

(दुसऱ्या दिवशी, टळटळीत दुपार. पंगत उठली आहे. तिघं रिकाम्या देगीला टेकून बसले आहेत.)

मुनवर : नऊशे चाळीस. मी पत्रावळी मोजल्या.

शंभू : म्हणजे मी काल चाळीस कमी सांगितलं. एवढं सोडलं तर माझं बरोबर हुतं.

मथुराबाई : आमटी उरली का?

मुनवर : दोन बादल्या. मी म्हणलंच हुतं, आचारी थकतो.

मथुराबाई : आन पोरगी?

शंभू : ट्रॅक्टर घिऊन गेलीय. म्हाताऱ्याकोताऱ्यांना ट्रॉलीत घालून घरोघर सोडायलीय. प्रत्येक दारात तिकीट मागायलीय म्हणे.

मथुराबाई : सकाळी म्या तर हातपाय गाळले हुते. आठ वाजले, नऊ वाजले, एक भाकर न्हाय.

शंभू : साडेनवाला महानंदावैनी आली. एका काखेला बाळ, दुसऱ्या काखेला भाकरीचं गठुडं, दोन्ही एकाच लुगड्यात गुंडाळल्यालं. मी गडबडीत बाळच उतरवून घेतलं. त्याला ढिगावर ठेवणार, तेवढ्यात रडलं म्हणून कळलं.

मुनवर : मग जी रांग लागली. टोपल्या, पोती, पाण्याचा रिकामा ड्रम. शिवकुमारनं तर गादीच्या खोळीत आणल्या. ओतल्या तर आवाज कसा, पत्र्याचं शेड कोसळल्यागत.

शंभू : शंभुलिंग आप्पांना एक दात न्हाय. त्यांनी भाकर आमटीत बुडवली, भिताडाला टेकले, डुलकी काढली. उठले तवर मऊ झाली हुती. चार खाल्ल्या. म्हणले, अशी पंगत रोज असावी, झोप बी हुती.

मथुराबाई : रेवणसिद्ध भावजींच्या घरनं किती आल्या?

शंभू : एकशे एक. सायकलच्या दोन्ही बाजूला पोती बांधून सोताच आणल्या. मी म्हणलं, अण्णा, काल तर झेपायचं न्हाय म्हणत हुता.

मथुराबाई : काय म्हणले?

शंभू : म्हणले, "मला ठाव हाय म्हणून म्हणलो." आन भाकरीच्या ढिगाशेजारी उभे ऱ्हायले. पंगतीमागनं पंगत उठली, पण ते जागचे हलले न्हाईत. ढीग कमी व्हायला लागला की हळूच पोत्यातल्या आणखी ओतायचे. शेवटचा माणूस हात धुवायला गेला, तवा बसले.

मथुराबाई : नीट वाढलं न्हवं त्यांना?

मुनवर : देवाच्या निवदाचा ओंजळभर भात हुता, भाबी. तेवढाच शिजवला हुता. तो त्यांच्या पानात वाढला.

मथुराबाई : आन?

मुनवर : शीत न शीत वेचून खाल्लं. मग म्हणले, "आणखी असंल तर वाढ." न्हाय म्हणलं, संपला. तर हासले. बत्तीस वर्सांत मी त्यांना भातावर हासताना बघितलं न्हवतं.

मथुराबाई : चला. पार पडलं. डाळसंपले काय आपण झालो न्हाय.

शंभू : न्हाय. पण एक अडचण हाय. भाकरी आल्या सव्वीसशे. गेल्या पंधराशे.

मथुराबाई : बया. अकराशे उरल्या? मग ज्याच्या त्याला माघारी द्या.

मुनवर : शिदोरी माघारी देत न्हाईत, भाबी. पोरीची वाट उलटी फिरवल्यागत हुतंय.

मथुराबाई : मग करायचं काय?

शंभू : तिच्यासंगं जाणार. उद्या सकाळी. तुम्ही आराम करा, मी अर्ज लिवलाय. ऐका. "प्रति, मा. आगारप्रमुख साहेब. विषय : चालक प्रशिक्षणार्थी यांच्यासमवेत अकराशे कडक भाकऱ्या नेणेकरिता स्वतंत्र गाडी मिळणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर भाकऱ्या आसनावर बसविल्या असता बावीस सीटा लागतात. भाकऱ्या वयाने लहान असल्या तरी कडकपणात ज्येष्ठ असल्याने त्यांना ज्येष्ठ नागरिकांची सवलत लागू करण्यात यावी."

मुनवर : दोन बादल्या आमटी बी लिही. उभ्यानं जाईल ती.

शंभू : लिवली. "सोबत दोन बादल्या, विनाआसन."

मथुराबाई : ट्रेनिंग किती दिसाचं म्हणली ती?

शंभू : काही महिन्यांचं हाय. लांबलं तर वर्स बी लागंल म्हणत्यात.

मथुराबाई : अर्जात जागा ऱ्हायलीय का खाली?

शंभू : हाय चार ओळींची. का?

मथुराबाई : आपल्या दारापुढनं नळदुर्गापर्यंत रस्ता सरळ हाय.

शंभू : हाय की. मग?

मथुराबाई : न्हाय, गाडी शिकायला सरळच रस्ता लागतो न्हवं.

मुनवर : लिही, बेटा. भाबी सांगतात तसं लिही.

शंभू : "तसेच, अर्जदाराच्या दारापासून नळदुर्गापर्यंतचा रस्ता सरळ असल्याने, सदर प्रशिक्षण याच रस्त्यावर देण्यात यावे, व प्रशिक्षणार्थीस रोज सायंकाळी जेवणाकरिता घरी सोडण्यात यावे. चूल चालू ठेवण्यात येईल. ही नम्र विनंती."