बंद करून चालू करा, मामा

—न्हाई न्हाई, जावईबापू, स्टुलावर नका, खुर्चीवर बसा, खुर्ची तुमच्यासाठीच पुसून ठिवलीय. हे कॉम्प्युटरचं मशीन तुमच्या दुकानातलं, म्हंजे खुर्चीबी तुमचीच, मी आपला राखणदार. चहा प्या की, खाली साखर बसलीय ती हलवून प्या. तर काय म्हणत व्हतो — हां, आष्टीहून नांदूरघाट काय जवळ हाय का? अन् तुमी उजाडायच्या आत दारात! तेबी आज, धुळवडीच्या दिशी! आमच्या गावचे बाकीचे जावई आज कुठं असतील? कुणी पुण्याला, कुणी उसाच्या फडात, एखादा मोबाईल बंद करून स्वतःच्याच घरात कणगीमागं बसला असंल — कारण सगळ्यांना ठावं हाय, आज जो जावई गावात घावला त्येला गाढवावर बसवून वेशीपत्तोर मिरवत्यात, गळ्यात चपलांचा हार, पुढं हलगी. अन् आमचे सोमेश्वरराव मोटारसायकल वढ्याच्या पल्याड लावून, दबकत दबकत, स्वतःहून! कावून? सासऱ्याच्या मायेनं? ह्या! मी फोनवर एवढंच म्हणलो, की मशीन लई तंगवतंय, उद्या केजला दुसऱ्या दुकानात न्हेतो, उघडून दावतो, आतून काय निघंल ते निघंल — तर तुमी म्हणलात, नका मामा, नका, मीच येतो. दिवाळीला हात जोडून बोलावलं तवा आला न्हाईत, अन् मशीनच्या बिमारीला धावून आलात. बरं केलं. बसा.

हां, दाबा ते बटन. जोरात दाबावं लागतंय, अन् डाव्या अंगाला एक चापट — बघा, घुरघुराया लागलं. म्हातारं झालंय हो ते, माझ्यासारखं, सकाळी उठाया वेळ लागतोय, आधी खोकतंय, मग तोंडावर काहीबाही लिहून आणतंय. आता बघा, निळं व्हईल. झालं का निळं? झालं! काय लिव्हलंय ते मला नका विचारू, म्या चौथीत मास्तरच्या खुर्चीला डिंक लावला अन् माझी शाळा तिथंच चिकटून राहिली. सूनबाई म्हणती, इंग्रजीत माफी मागतंय. बघा, माफी मागायची अक्कल मशीनलाबी हाय. घड्याळ तर कायम मागंच — आतला सेल मेलाय, म्हणून दर खेपेला उठलं की त्येला वाटतंय आपण आजच जलमलो. लई सुखी हाय बिचारं, कालचं काहीच ध्यानात न्हाई. माझं तसं न्हाई. माझ्या ध्यानात राहतंय.

तुमी बघा तुमचं, माझ्याकडं नका बघू, मला बोलल्याबिगर करमत न्हाई एवढंच. गावात विचारा कुणालाबी — राधाकिशन आबा बसलाय म्हणलं की माणूस आधी आपली चप्पल जागेवर हाय का ते बघतोय. विजयसिंह सरपंच म्हणून निवडून आला तवा त्याच्या सत्काराच्या टोपलीत हाराखाली कोंबडी कुणी ठिवली व्हती? म्या! हार उचलला अन् कोंबडी त्याच्या फेट्यावर! सांजच्याला तोच माझ्या ओट्यावर येऊन पोट धरून हसला. तर मस्करीचा आमचा एक कायदा हाय, जावईबापू — ज्याची केली, तो सांजच्याला आपल्यासंगं हसला पायजे. न्हाई हसला, तर ती मस्करी न्हाई. ते दुसरंच काहीतरी.

तुमची सासू लई हसायची. माझ्यावरच हसायची जास्त. मग लकवा मारला — उजवं अंग गेलं, जीभ गेली, कान अन् डोळे तेवढे तरणे राहिले. साध्या फोनवर काय बोलणार? आमची पोर बबी तिकडून आई आई करायची, अन् हिच्याकडून नुसता श्वास. पोरगा शिवशंकर अन् त्याचा चांगला मोबाईल दोघंबी ऊसतोडीला गेल्याले, माझ्याकडं हे बटनाचं डबडं. तवा तुमी हे मशीन आणून दिलं, गेल्या सालच्या संक्रांतीला — बायकोला आणलं न्हाईत, मशीन आणलं — अन् म्हणलात, मामा, ह्याच्यावर तोंड दिसंल, समोर बसल्यावानी. म्या आख्ख्या गल्लीला सांगितलं, जावई असावा तर असा! सांगितलं का न्हाई? सांगितलं. ह्याच तोंडानं.

अन् मग काय? मी हिची वेणी घालायचो — हो, मी घालायचो, वाकडी व्हायची — पदर डोईवर नीट करून हितं बसवायचो, ह्याच जागी, पाठीला उशा लावून. बटन दाबायचं, घंटी वाजायची, बबीचं तोंड यायचं, अन् तिनं 'आई' म्हणायच्या आत — फट्! खिडकी बंद. एरर. परत लावा, परत फट्. मी तुमाला फोन करायचो, अन् तुमी काय म्हणायचा? 'जुनं मशीन हाय, बंद करून चालू करा, मामा.' केलं. 'वायर काढून परत घाला.' घातली. 'झाकण उघडा, ती हिरवी पट्टी काढा अन् खोडरबरनं घासा.' घासली! शेजारच्या पोरीचा खोडरबर मागून आणला अन् अशी घासली, की तिच्यात बघून दाढी करता आली असती. अन् म्हातारी उशाला टेकून बघायची, मी मशीनचं पोट फाडून बसलोय, अन् अर्ध्या तोंडानं हसायची. तिला वाटायचं, मीच तिच्यासाठी काहीतरी तमाशा करतोय. म्हणून मग एकदा म्या — जाऊ द्या. न्हाई, सांगतो. एकदा म्या बबीचा लग्नातला फोटू ह्या काचेवर चिकटवला, अन् मागं बसून बारीक आवाज काढला, 'आई, मी बबी, जेवलीस का?' तिला कळलं नसंल असं वाटतंय व्हय तुमाला? लगीच कळलं. डावा हात लांब केला, फोटूच्या गालावरून फिरवला, अन् तोच हात मशीनच्या मागं आणून माझ्या डोक्यावर ठिवला. लई येळ ठिवला. होळीपत्तोर राहिली न्हाई ती — हे कावून सांगतोय मी तुमाला? तुमी तिकडं बघा, काचेत. रातच्या होळीचा धूर बसलाय माझ्या डोळ्यात, अजून जाईना.

बबी मातीला आली. आली, आईचे पाय धरले, अन् उठून माझ्या तोंडावर म्हणली काय? म्हणली, 'आबा, आईसंगंबी मस्करी केलीत? तिच्यासंगंबी?' चार माणसांत! मला काही उमगंना. मागून उमगलं — तिला कुणीतरी सांगितलं व्हतं, की तुझा बाप तिकडून वायर उपटतोय, त्येला खोड्या सुचत्यात, म्हातारीला तरसवतोय अन् मजा बघतोय. अन् तिनं खरं मानलं. कावून मानू नये? सगळ्या गावाची फजिती केल्याला माणूस मी. माझीच कमाई घेतली अन् माझ्याच डोक्यात घातली, मानलं बुवा! तवापासून पोरगी माझ्याशी बोलत न्हाई. फोन म्या उचलला तर म्हणती, 'वहिनीला द्या.' एवढंच, दोन शब्द. मी ते दोन शब्द आयकायला मुद्दाम धावत जाऊन फोन उचलतो, ते निराळं. हं? काय म्हणलात? गैरसमज? असंल, असंल. तुमी तुमचा एरर शोधा, मी आपला—

थांबा. थांबा थांबा थांबा. हात उचलू नका, तसाच राहू द्या माऊसवर. हे कुठं आलात तुमी? म्या सांगितलं मशीन निळं व्हतंय, हँग व्हतंय, त्याचं तर तुमी काहीच बघितलं न्हाई — सरळ ह्या खान्यात! मशीन जागं झालं की आपोआप कुणाकुणाला उठवायचं, त्याचं हे खानं, व्हय ना? दचकू नका, मी न्हाई शिकलो, सूनबाईनं दावलं. तुमाला वाटलं व्हतं ह्या घरात समदे अडाणीच. पण मागल्या उन्हाळ्यात शिवशंकरचं लगीन झालं अन् दिपाली आली, एमएससीआयटी झाल्याली. तिनं एकदा तीन बटनं संगंच दाबली अन् म्हणली, आबा, हे बघा, तुमच्या समोर एक चालतंय अन् तुमच्या पाठीमागं ढीगभर. एकेक निवडत गेली, तांदूळ निवडल्यावानी — हे छपाईचं, हे आवाजाचं, हे मशीनचं स्वतःचं, अन् हे? हे कुणाचं? नाव कसलं गोड, इंग्रजीत 'मदतनीस'! तोंड दिसायचा फोन उघडला की हा मदतनीस झोपेतून उठणार, जरा दम खाणार, अन् त्या फोनचा गळा दाबणार. वर एररची पाटीबी ह्यानंच रंगवल्याली. सूनबाईला सापडाया हप्ता लागला, जावईबापू, हप्ता! अन् तुमचा हात — ह्या डोळ्यांनी बघितलं — इकडं न्हाई तिकडं न्हाई, न्हेमका तिथंच. गोठ्यातली म्हैस आपल्या खुंट्याला जावी तसा. ती तवाच पुसून टाकत व्हती, म्या म्हणलो, नको, राहू दे. ज्याचं हाय, तो न्यायला येईल.

कावून केलं? न्हाई, तुमी नका सांगू, मीच सांगतो. मशीन दिलंत ते पोरीची इकडं यायची घाई मोडायला. दुकानात टायपिंग बबी करती, फॉर्म बबी भरती, गिऱ्हाईक तिला ओळखतंय, तुमाला न्हाई. आईचं ते वाकडं झाल्यालं तोंड एकदा नीट बघितलं असतं, तर ती पायात चप्पल न घालता इकडं निघाली असती, अन् तुमच्या दुकानातली तिची खुर्ची मोकळी पडली असती. एवढंच ना? एवढ्यासाठी! बोला की, ह्याच्यापरीस मोठं काही कारण असलं तर सांगा, मी देवळात नारळ फोडतो. न्हाई? मला तेच भ्या व्हतं.

दाराकडं काय बघताय? कडी बाहेरून हाय, सूनबाईनं घातलीय. हलगी आयकू आली व्हय? सुग्रीवची टोळी हाय ती, गाढवाला गुलाल लावून फिरत्यात. घाम पुसा, तुमाला न्हाई न्हेत. आत्ता तुमी चहा पीत व्हता तवाच सुग्रीव खिडकीपाशी आलता, आबा, जावई आलाय म्हणं? म्या म्हणलो, छ्या, मशीन दुरुस्त करणारा आलाय. ते गाढव जावयासाठी असतंय, साहेब. मिरवून झालं की त्येला गरम पाण्यानं आंघोळ घालत्यात, नवे कपडे करत्यात, अन् चपलांचा हार काढून सासू ओवाळती. तुमाला कोण ओवाळणार?

पुसा आता ते. मुळासकट. असं. आता बंद करून चालू करा. करा की, मला शिकवलंत न्हवं? अन् निळं झालं तर घाबरू नका, एक चापट मारायची — मशीनला. हां, आलं. आता कशालाच हात लावू नका. त्या खान्यात तुमचं गेलं, पण सूनबाईनं आमचं एक ठिवलंय — मशीन उठलं की आपोआप घंटी जाणार, सरळ आष्टीला. बबी तिकडं मोबाईल धरून बसलीय. दिपालीनं लई मिनत्या करून बसवलीय तिला, अन् तिची अट एकच, आबांनी बोलायचं न्हाई. मान्य हाय म्हणलो. तिला काय सांगून निघालात तुमी? गिऱ्हाइकाकडं? मग हितं कसे, तेबी सांगावं लागंल.

बसा! उठायचं न्हाई. वर तो काचेचा डोळा हाय, दिवा लागला बघा, तिकडं बघा, माझ्याकडं न्हाई. तुमाला वाटलं मी म्हातारा बदला म्हणून चार माणसांत तुमची अब्रू काढीन, गाढवामागं पळवीन. मला काय करायचीय तुमची अब्रू? माझी पोरगी पायजे मला. अन् ही गोष्ट म्या सांगितली तर तिला माझीच आणखी एक मस्करी वाटंल, म्हणून तुमाला बोलावलं, न्हाई तर केजचा माणूस व्हताच की. तुमच्या तोंडून पायजे. मदतनीस कुणी ठिवला, वायर कुणी उपटली न्हाई, समदं. अन् एक शब्द हिकडंतिकडं केलात तर बघा, सूनबाई दाराआड उभी हाय, तिला समदं पाठ हाय.

वाजतंय. वाजतंय अजून. गळा आवळाया आता पाठीमागं कुणी न्हाई, वाजू द्या.

उचललं — बबे, मी न्हाई, मी न्हाई बोलत, ठिवू नको! मी सरकलो बघ बाजूला, दिसतोय का? न्हाई ना? तुझा मालक हाय हितं, त्येला काहीतरी सांगायचंय तुला.

बोला, सोमेश्वरराव. मी गप.